राखाडी गाईंचा मॉस

मॉसच्या गोठ्यावर कुणी नवा माणूस गाई बघायला आला, की मॉस त्याला सगळ्यात आधी लंगडी गाय दाखवायचा. मग एका डोळ्याने अधू असलेली. मग वासराला जवळ न करता लाथ मारणारी. एवढं झालं की दोन्ही हात पाठीशी बांधून गप्प उभा राहायचा. पलीकडे ज्या धडधाकट, देखण्या गाई चरत असायच्या, त्यांच्याबद्दल चकार शब्द नाही. मी एकदा न राहवून विचारलं, तर म्हणाला, "खोट सांगावी लागते. गुण बघणाऱ्याला दिसतात." प्रत्यक्षात ते दिसेपर्यंत बघणारा थांबतच नसे. लंगडी गाय बघूनच तो गाडीकडे वळलेला असे.

माझा नवरा नितीन परदेशात, ट्रली या गावच्या हॉस्पिटलात रेडिओग्राफर होता. गावात घर मिळेना, म्हणून आम्ही थोडं बाहेर, डोंगराच्या पायथ्याशी भाड्याने राहत होतो. आमचं परसदार आणि मॉसचं कुरण यांच्यात एक दगडी बांध, एवढंच अंतर. मॉस एकाहत्तर वर्षांचा. लग्न केलेलं नाही. उंच, हाडापेराने मोठा, आणि कान इतके अधू की फोनवर त्याच्याशी बोलणं म्हणजे विहिरीत ओरडणं. समोरासमोर मात्र ओठ बघून सगळं समजायचं. तिकडे सगळेच सगळ्यांना पहिल्या नावाने हाक मारतात, म्हणून मीही त्याला नुसतं मॉसच म्हणायचे.

आसपासचे शेतकरी काळ्या ॲंगसच्या किंवा लालसर लिमूझिनच्या गाई पाळायचे. मॉसकडे होत्या पीडमाँटीज, इटलीतल्या जातीच्या. राखाडी-पांढऱ्या, काळ्या नाकपुड्यांच्या, डोळ्यांभोवती काजळ पसरल्यासारख्या. मांसासाठीच पाळायची जात ती, हे आडपडदा न ठेवता सांगते. आमच्या घरात ते मांस शिजत नव्हतं आणि हे मॉसलाही ठाऊक होतं. म्हणून तो आम्हाला बटाटे द्यायचा, अंडी द्यायचा आणि त्या विषयावर कधी एक शब्द काढायचा नाही. पण त्याच्या मते जगात इतकं गुणी जनावर दुसरं नव्हतं. हाड बारीक, चरबी कमी, मांस भरघोस आणि मऊ, स्वभाव गरीब. पंचवीस वर्षं तो या गाई पाळत होता, आणि पंचवीस वर्षांत त्या खोऱ्यातल्या एकाही माणसाने त्याचं बघून ही जात पाळली नव्हती.

माझे सासरे, आप्पा, नातीला बघायला म्हणून २०२०च्या फेब्रुवारीत आले आणि लॉकडाउनमध्ये अडकले. आप्पा सांगोल्याकडचे, निवृत्त पशुधन पर्यवेक्षक. आयुष्य खिलार बैलांमागे हिंडण्यात गेलेलं. घरात बसून दोन आठवड्यांत त्यांना वेड लागायची पाळी आली. एक दिवस ते बांधापाशी गेले आणि गाईंना हात जोडून उभे राहिले. पलीकडून मॉस आला. ते दृश्य बघून त्याने डोक्यावरची टोपी काढली. गाईंसाठी काढली की आप्पांसाठी, कोण जाणे. त्या दिवसापासून रोज सकाळी अकरा वाजता बांधाच्या अलीकडे आप्पा, पलीकडे दोन मीटरवर मॉस आणि मधे दुभाषी म्हणून मी. मॉस आप्पांना 'डॉक्टर' म्हणायचा, आप्पा त्याला 'मॉसराव' म्हणायचे.

"सूनबाई, इचार त्येला, एवढी चांगली जात हाय तर लोकं का घेत न्हाईत?" आप्पांनी तिसऱ्या-चौथ्या दिवशीच मुद्द्याला हात घातला.

 मॉसने हाताने एक बदामी रंगाचं वासरू दाखवलं. "त्याचा रंग बघ. जर्सीसारखा. जर्सीच्या अंगावर मांस भरत नाही, म्हणून मार्टात बदामी वासरू आलं की लोक बघतसुद्धा नाहीत. हे जर्सी नाही, हे मोठं झालं की राखाडी होईल, हे मी सांगतो. बोर्डावर जातही लिहिलेली असते. पण बोर्ड वाचतो कोण? रंग वाचतात." मार्ट म्हणजे तिकडचा गुरांचा बाजार.

मी भाषांतर केलं. आप्पा मांडीवर थाप मारून म्हणाले, "आमच्याकडं बी ह्येच की! खोंड किती बी देखणा आसू दे, अंगावर भोवरा वंगाळ जागी निघाला की गिऱ्हाईक पाठ फिरवतंय. आरं, त्यो भोवरा काय औत वढतोय व्हय?"

केसांचा भोवरा मॉसला समजावून सांगायला मला दहा मिनिटं लागली. त्याने आप्पांना विचारून कुठला भोवरा वाईट, कुठला चांगला, हे नीट समजून घेतलं. दुसऱ्या दिवशी अकराला बांधाशी आला तो गंभीर चेहऱ्याने. म्हणाला, "डॉक्टर, मी सगळ्यांना तपासलं. चौघींना आहे. आता हेही सांगावं लागेल."

आप्पा इतके हसले की त्यांना ठसका लागला. मॉस हसला नाही. तो थट्टा करत नव्हता.

रंगाखेरीज दुसरंही कारण होतं आणि ते ऐकून मला पहिल्यांदा त्याची काळजी वाटली. मोठा व्यापारी एकेक जनावर विकत घेत नाही, ट्रकभर घेतो, आणि त्याला सगळी एका वजनाची, एका रंगाची लागतात. "माझी एका वेळी विकायला निघतात सहा," मॉस म्हणाला. "सहांनी ट्रक भरत नाही, म्हणून कुणी घेत नाही. कुणी घेत नाही, म्हणून माझी सहाच राहतात." एवढं बोलून तो बांधावरचा निसटलेला दगड जागेवर बसवायला वाकला.

तिसरं कारण त्याने सांगितलं नाही. ते मला पोस्टातल्या बाईंकडून कळलं. खूप वर्षांपूर्वी एका शेजाऱ्याने मॉसच्या मागे लागून एक वळू नेला होता. मॉसला त्या वळूचे खांदे जास्त रुंद वाटत होते, पण कुणीतरी आपली जात मागतंय याचाच त्याला एवढा आनंद झाला, की त्याने दिला. वासरं मोठी निघाली. वेताच्या वेळी त्या माणसाच्या दोन गाई गेल्या. तेव्हापासून खोऱ्यात एकच वाक्य: मॉसचे वळू गाई मारतात. दुधाने तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो, मॉस पाणीही फुंकून प्यायला लागला. जन्मलेला जवळजवळ प्रत्येक गोऱ्हा तो खच्ची करायचा. याचे खांदे वाईट, याचा मागचा पाय वाईट, याची आई तापट. त्याच्या गाई कृत्रिम रेतनावर व्यायच्या, पण बाहेर द्यायला वळूच नाही म्हटल्यावर जात पसरणार कशी? त्याच्या काटेकोरपणानेच त्याच्या गाईंचा वंश आखडला होता. हे त्याला दिसत नव्हतं असं नाही. दिसत होतं, पण हात धजत नव्हता.

त्याचा कॉर्कमधला पुतण्या औषधांच्या कारखान्यात होता. त्याने स्वच्छ सांगितलं होतं की मॉसच्या मागे या जमिनीवर स्प्रूसची झाडं लावणार. मॉसला त्याचा राग नव्हता. "त्याचं बरोबर आहे," म्हणायचा. "फक्त मी जायच्या आधी दुसऱ्या कुणाच्या तरी शेतावर यांचं रक्त गेलं पाहिजे. एकाच्या. एक पुरे." एकोणीस गाई होत्या. या एकोणीस जणींचं आपल्यामागे काय, याखेरीज दुसरी चिंता मी त्याच्या तोंडून कधी ऐकली नाही. त्याची छाती वरचेवर दुखायची, त्या दुखण्याची तर नाहीच.

त्या वर्षी त्याच्याकडे एक वळू होता. कित्येक वर्षांत खच्ची न केलेला पहिलाच. त्याला नाव नव्हतं. मॉस त्याला 'युअर मॅन' म्हणायचा, म्हणजे आपल्याकडे 'तो आपला हा' म्हणतात तसं. आप्पांनी युअर मॅनला बांधावरून पाऊण तास न्याहाळला आणि म्हणाले, "शंभर नंबरी. खांदा जरा दांडगा हाय, पर दोन वेतं झालेल्या गाईला काय बी न्हाई व्हायाचं." मॉसचं मत अगदी हेच. दोन म्हाताऱ्यांना एकमेकांची भाषा येत नव्हती, पण जनावर दोघांनी सारखं वाचलं होतं.

मे महिन्यात मॉसने तो विकायचं ठरवलं. सत्तरीपुढच्यांना आपल्या आवाराबाहेर पडायला, बाहेरच्यांना भेटायला मनाई होती, मार्टात गर्दी करायची सोय नव्हती, म्हणून इंटरनेटवर जाहिरात द्यायची. फोन त्याला ऐकू येत नसल्याने नंबर माझा. त्याने बांधापलीकडून मजकूर सांगितला, मी वहीत लिहून घेतला. "खांदे रुंद आहेत. उजव्या मागच्या खुराची वाढ वेडीवाकडी आहे, वरचेवर कापावं लागतं. पहिलारू कालवडींना लावू नये. दोन वेतं झालेल्या गाईंनाच लावावा." मग विचार करून म्हणाला, "स्वभाव शांत आहे." एवढी एकच स्तुती, तीही शेवटी.

आता माझ्याबद्दल थोडं सांगायला हवं. पुण्यात माझ्या मावशीचं वधूवर सूचक मंडळ होतं आणि लग्नाआधी पाच वर्षं मी तिथे बायोडाटा लिहीत होते. सावळीची गव्हाळ करणं, नोकरी गेलेल्याला 'स्वतःचा व्यवसाय' चिकटवणं, हा माझा हातखंडा होता. खोटं लिहायचं नाही, पण खरं किती लिहायचं हे आपण ठरवायचं, अशी मावशीची शिकवण. भेटल्यावर बोलता येतं की! आधी भेट तर होऊ दे. मॉसचा मजकूर वाचून मला हसूच आलं. असा बायोडाटा दिला तर कुणाचं लग्न जमलं असतं?

आप्पाही म्हणाले, "बोलणाऱ्याचं हुलगं इकत्यात, न बोलणाऱ्याचं गहू बी ऱ्हात्यात पडून. नीट लिव्ह बाई त्याचं." पण ओळी गाळ असं आप्पा म्हणाले नव्हते. ते माझं मी केलं. खूर गाळला. खांदे 'भरदार' केले. पहिलारूंची ओळ गाळली. शांत स्वभाव सगळ्यात वर घेतला आणि उन्हात उभ्या असलेल्या युअर मॅनचा फोटो लावला.

चौथ्या दिवशी कॉनरचा फोन आला. पलीकडच्या खोऱ्यातला, दुधाच्या गाई पाळणारा तरुण शेतकरी, नुकताच वडिलांकडून कारभार हातात घेतलेला, नवीन काही करून बघायची हौस असलेला. त्याने वळू घेतला. शिवाय म्हणाला, वासरं चांगली निघाली तर पुढच्या वर्षी दोन-तीन कालवडीही घेईन. मी बांधाशी धावत गेले. मॉसने मला तीनदा तेच वाक्य म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा ऐकून त्याने तोंड फिरवलं.

मग विचारलं, "लिहिलं होतंस ना? पहिलारूंचं?"

"सगळं लिहिलं होतं," मी म्हणाले.

कॉनर ट्रेलर घेऊन आला तेव्हा मॉस नियमाप्रमाणे घरात, खिडकीच्या काचेमागे. कागद मी दिले. सांगावं असं मनात आलं होतं, खोटं बोलत नाही. पण तो घाईत होता, तोंडावर मास्क, इंजिन चालू. आणि मला वाटलं, गुरांतला माणूस आहे, खांदे दिसतात की त्याला. खिडकीतून मॉसने हात वर केला. कॉनरनेही केला.

सप्टेंबरात आप्पा खास विमानाने परत गेले. ऑक्टोबरात मॉसने सहा वासरं मार्टात नेली. तोवर सगळा लिलाव मोबाईलवर होऊ लागला होता. जनावर सोडायचं आणि निघून यायचं. या वेळी नोंदीतला मजकूर त्याने माझ्यासमोर बसून लिहून घेतला, अक्षरन् अक्षर. तो आमच्या फाटकापाशी त्याच्या गाडीत बसला, मी बाहेर खुर्चीवर, आणि फोन खिडकीच्या काठावर मधे. पडद्यावर रिकामं रिंगण. त्यात मॉसची बदामी वासरं एकेक करून यायची, गांगरून एक फेरी मारायची. लिलाववाला नोंद वाचायचा. हळू पितं. आई लंगडी. दिसायला जर्सीसारखं, पण जर्सी नाही. आकडा हलायचा नाही. चार कशीबशी गेली, दोन परत आली.

"पूर्वी मी रिंगणाच्या कठड्याला उभा असायचो," मॉस म्हणाला. "निदान माझं तोंड बघून कुणीतरी बोली लावायचं."

आणि खरं सांगते, त्या दिवशी मला मनातून बरं वाटलं. बघ, तुझ्या पद्धतीने काय झालं आणि माझ्या पद्धतीने काय झालं, असं वाटलं. त्या बरं वाटण्याची मला आजही लाज वाटते.

पुढच्या मार्चमध्ये एका दुपारी कॉनरचा फोन आला, माझ्याच नंबरवर. आवाज ओळखू येत नव्हता. त्याने युअर मॅन कालवडींनाच लावला होता. त्याच्याकडे कालवडीच जास्त होत्या आणि शांत वळू म्हणूनच तर त्याने घेतला होता. दोन कालवडी वेताला मेल्या. तिसरीचं पोट फाडून वासरू काढावं लागलं, ती पुन्हा उभी राहिली नाही. अजून आठ व्यायच्या होत्या.

मी मॉसला सांगितलं. त्याने कोट चढवला. मलाही चल म्हणाला, कारण मास्कमुळे ओठ दिसले नाहीत तर त्याला बोलणं कळणार नव्हतं. 

कॉनरच्या आवारात निळ्या ताडपत्रीखाली एक मेलेली कालवड पडली होती. खूर तेवढे बाहेर. कॉनरचे डोळे सुजलेले. तो मॉसच्या समोर येऊन, ओठ दिसावेत म्हणून मास्क खाली ओढून म्हणाला, "जाहिरातीत काहीच नव्हतं. मी चारदा वाचली होती. कालवडींना लावू नका असं कुठेच नव्हतं, मॉस."

मॉसने माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. पुन्हा कॉनरकडे वळून म्हणाला, "नसेल. मी सांगायला विसरलो. म्हातारा झालो."

पंचवीस वर्षं लंगडी गाय आधी दाखवणाऱ्या माणसाने हे वाक्य उच्चारलं, आणि मी तिथे चार पावलांवर उभी असून तोंड उघडलं नाही. त्याने युअर मॅन परत आणला आणि त्याच आठवड्यात फॅक्टरीला पाठवला. तिकडे कत्तलखान्याला फॅक्टरीच म्हणतात. उरलेल्या आठ कालवडींसाठी तो रोज सकाळी कॉनरकडे जायचा आणि संध्याकाळी परत यायचा. त्यातल्या आणखी एकीचं वासरू गेलं. पोस्टातल्या बाईंनी मला न विचारताच सांगितलं, "मॉसचे वळू गाई मारतात, हे आम्हाला आधीपासून माहीत होतं." आता हे वाक्य दोन्ही खोऱ्यांत झालं.

एप्रिलमध्ये धीर करून मी बांधाशी गेले. तो एकटाच उभा होता. मी म्हणाले, "मॉस, ती ओळ मी गाळली. तुम्ही सांगितली होती. लिहिली म्हणून मी तुमच्याशी खोटं बोलले." इंग्रजीत 'तुम्ही' नसतं, पण मी ते म्हटलं तेव्हा माझ्या मनात 'तुम्ही'च होतं.

"ठाऊक आहे," तो म्हणाला.

"ती लिहिली असती तर कुणी घेतलाच नसता, असं मला वाटलं."

"कुणी घेतला नसता," मॉस म्हणाला.  "नसता घेतला. एवढंच झालं असतं."

आवाज चढला नाही, शब्द कडक नव्हता. त्याने मला क्षमा केली असंही त्यात नव्हतं, आणि मी मागितली नाही. मागायला जीभ रेटली नाही.

मे महिन्यात, ट्रली सोडून स्वोर्ड्सला जायची आमची तयारी चालली होती, तेव्हा एका सकाळी मॉसच्या आवारात फॅक्टरीची मोठी लॉरी आली. या गाई पाळण्यासाठी म्हणून कुणी घ्यायला तयार नव्हतं. त्याने विचारून पाहिलं होतं, अगदी फुकटसुद्धा. मी स्वयंपाकघराच्या खिडकीत होते. बाहेर जावंसं वाटलं, पण कुठल्या तोंडाने जाणार?

लॉरीवाल्याने फळी खाली टाकली आणि काठी उचलली. मॉसने ती काठी त्याच्या हातातून काढून भिंतीला टेकवली. मग खुराकाची बादली घेतली, एकदा खुळखुळवली आणि स्वतःच फळी चढून लॉरीत गेला. पुढे मॉस, मागून गाई. एकही अडली नाही, एकीलाही ढकलावं लागलं नाही. चढणीवर जी लंगडत होती तिच्यासाठी बाकीच्या थांबल्या. एकोणीसच्या एकोणीस राखाडी पाठी आत गेल्या आणि लॉरीवाल्याने फळी वर उचलून खिट्टी लावली. मॉस बाजूच्या लहान दारातून बाहेर आला.

लॉरी वळणाआड जाईपर्यंत तो आवारात उभा राहिला. मग त्याने बादलीत पाहिलं. खुराक अर्धा शिल्लक होता. तो गोठ्यात गेला, पोत्याचं तोंड उघडलं आणि तो खुराक, सांडू न देता, परत आत ओतला.